माझे लोक, एक ते पाच

“आरं, ती खाट उतरव खाली! तिथं उभ्यानं झोपायचंय तुला!” आबा ओरडत होते आणि मी टेम्पोत खाट कोंबत होतो. उदगीरकडचं आमचं गाव सोडलं त्या सकाळी वडलांचा आवाज एवढा चढला, की हद्दीपलीकडची कर्नाटकातली कुत्री भुंकायला लागली. खोटं वाटत असेल तर तिकडच्यांना विचारा.

आबांचंच खरं निघालं. पुण्याकडं, चाकणजवळच्या कुरुळीतली आमची खोली एवढी, की कूस बदलायची तर शेजाऱ्याला आधी कळवावं लागतं. एका भिंतीआड कोकणी, दुसऱ्या भिंतीआड बिहारी. कंपनीत ‘हाँ सर’, घरमालकापुढं ‘व्हय भाऊ’. गाववाल्यांनो, आपली बोली मी रविवारी आरशाशी बोलतो. गंज चढू नये म्हणून.

परवा माझ्या नववीतल्या श्रुतीच्या शाळेत एक संशोधक मॅडम येणार होत्या. या वयाच्या मुलांना आपल्या समाजाबद्दल किती आपलेपणा वाटतो, ते म्हणे मोजायचं, आणि परदेशातल्या पोरांशी ताडून बघायचं. पालकांच्या परवानगीसाठी प्रश्न आधी घरी आले. ‘मला माझ्या लोकांचा अभिमान वाटतो.’ ‘मी त्यांच्यात रमते.’ पुढं एक ते पाच आकडे. एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे पुरेपूर.

मला वाटलं, परीक्षाच! रविवारभर पोरीची तयारी घेतली. आपला येळवसीचा, म्हणजे वेळ अमावास्येचा सण सांगितला. अख्खं गाव शेतात जेवायला, आणि आंबील एवढी की दोन म्हशी पोहून जाव्यात. “सगळीकडं पाच लिही. एक मार्क सोडायचा नाही!”

शाळेतून आल्यावर विचारलं. म्हणाली, “तीन लिहिलं. सगळीकडं.”

“का गं?”

“पप्पा, माझे लोक म्हणजे कुठले धरायचे? इथं मला लातूरची म्हणतात, गावाला गेलं की पुण्याची.”

चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यासारखा मी बसलो. पुढं रस्ता नाही, मागं वळता येत नाही. तीन! पोरगी उद्या कुणाचीच राहिली नाही तर?

तसाच गावी थोरल्या भावाला फोन लावला. “दादा, यंदा येळवसीला श्रुतीला पाठवतो. चांगली आठ दिवस ठेवून घे. पोरासोरांत मिसळू दे, आपली माणसं कळू दे तिला.”

“पाठव की,” दादा म्हणाला. “पन तिच्या वयाचं हितं ऱ्हायलंय कोन? समदी पोरं आईबापासंगं तिकडंच गेलीत, तुमच्या शेजारी चिखलीला.”