पट्टीमास्तर पडले तेव्हा

चार गावांना मिळून एकच सभागृह होतं आणि त्याच्या किल्ल्या एकोणीस वर्षं एकाच बाईच्या कमरेला होत्या. तिला लहानथोर सगळे किल्लीमावशी म्हणायचे. नवरा गेला त्या वर्षी त्यांना हे काम मिळालं. झाडायचं, खुर्च्या मांडायच्या, वर्ग सुटला की कुलूप लावायचं, एवढंच ठरलं होतं. पण मधल्या वेळात करायचं काय? मावशी दाराशी स्टूल टाकून बसायच्या आणि आत जे चाललेलं असेल ते ऐकायच्या. सोमवारी शिवण. मंगळवारी सकाळी म्हाताऱ्यांचा व्यायाम. बुधवारी मुलांचं मातीकाम, गुरुवारी मधमाश्या पाळायचे धडे. सगळं थोडं थोडं येतं आणि धड एकही येत नाही, असं त्या स्वतःच हसून सांगायच्या. कुणी आत येऊन बसा म्हटलं तर म्हणायच्या, "नको बाई, दाराकडे कोण बघणार?"

महिन्यातून एका शनिवारी दुपारी प्रथमोपचाराचा वर्ग असे. तो घेणारे गृहस्थ म्हणजे निवृत्त कंपाउंडर. सदा खिशात पट्टीची गुंडाळी, म्हणून त्यांना पट्टीमास्तर हे नाव पडलेलं. त्यांच्या वर्गाला सगळ्यात जास्त गर्दी, कारण मास्तर होते नाटकी. बोलता बोलता मध्येच ते धाडकन खाली पडायचे. डोळे पांढरे करायचे, जीभ बाहेर काढायची. मुलं खिदळायची. मग मास्तर एक डोळा उघडून म्हणायचे, "मेलो असतो ना एव्हाना. कुणी हललं तरी का?" पाच वर्षांत हे इतक्यांदा झालं की लोक त्याची वाटच बघायचे.

त्या शनिवारी आत तीसेक माणसं होती. पुढच्या रांगेत शाळेतल्या पोरी, मागे बायका, खिडकीजवळ शिंपीआजोबा. टेबलावर छाती दाबून शिकायचा रबरी पुतळा होता. त्याला सगळे पाहुणा म्हणायचे. मावशी मागच्या बाजूला चहाचे कप गोळा करून झाल्यावर झाडू मारत होत्या. मास्तर सापाच्या दंशाबद्दल बोलत होते. बोलता बोलता त्यांनी टेबलाला धरलं, वाक्य अर्धं राहिलं आणि ते खाली पडले.

सगळे हसले. मावशीही हसल्या. झाडूवर हात टेकून त्या बघत उभ्या राहिल्या.

मास्तर घशातून घोरल्यासारखा आवाज काढू लागले. "आज नवीन काढलंय काहीतरी," शिंपीआजोबा म्हणाले. एका पोरीने टाळी वाजवली.

मावशींना पहिल्यांदा खटकलं ते चष्म्याचं. मास्तर पडायच्या आधी न चुकता चष्मा काढून टेबलावर ठेवायचे. नवी काच महाग पडते म्हणायचे. आज चष्मा त्यांच्या गालाखाली होता आणि त्याची एक काच फुटली होती. मग तो आवाज. मास्तरांनीच कितीदा सांगितलं होतं, अशी घरघर थांबून थांबून येते, तिला श्वास समजू नका, फसू नका.

"मास्तर खोटे नाही पडले," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला की कुणी वळूनही पाहिलं नाही.

त्या खुर्च्या सारत पुढे गेल्या, गुडघ्यांवर बसल्या, मास्तरांचा खांदा हलवला. डोकं नुसतं डुललं. ओठ निळसर दिसत होते. मावशींनी दोन्ही तळवे एकावर एक ठेवले, पाहुण्याच्या छातीवर ठेवताना बघितलं होतं तसेच, आणि दाबलं. तिसऱ्या की चौथ्या दाबाला तळव्याखाली कट्कन काहीतरी मोडलं.

तो आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. हसणं जागच्या जागी बंद झालं.

मावशी थिजल्या. हात उचलले गेले. आपण माणूस मोडला, एवढंच डोक्यात होतं. समोरच्या पोरीचं तोंड उघडं पडलेलं, शिंपीआजोबा अर्धवट उठलेले, आणि कुणालाच पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं. पाच वर्षं शिकलेले तीस जण. तेवढ्यात टाळी वाजवणाऱ्या त्याच पोरीने थरथरत्या आवाजात म्हटलं, "एक, दोन, तीन..." मास्तर सराव घेताना मोजायला लावायचे तशी ती मोजत होती. मावशींचे हात त्या आकड्यांवर पुन्हा खाली गेले.

मग सभागृह हललं. एका बाईने आरोग्य केंद्राला फोन लावला, पण ठिकाण सांगताना तिला स्वतःच्या गावाचं नावच आठवेना. दुसरीने फोन हिसकावून घेतला. मावशींच्या दंडात गोळे आले तेव्हा शिंपीआजोबा बाजूला येऊन बसले. "सरका. मला येतं," म्हणाले. त्यांच्यानंतर गुरुवारी मधमाश्यांचे धडे देणारा, तोही त्या दिवशी आला होता, मग पुन्हा मावशी. पोरगी मोजतच होती. तिचा आवाज बसला तेव्हा दुसरीने मोजणी उचलली.

केंद्रातल्या नर्सबाई स्कूटरवरून झटका द्यायचं यंत्र घेऊन पोचल्या तोवर दहा मिनिटं झाली होती. त्यांनी शर्ट फाडला, सगळ्यांना लांब केलं. मास्तरांचं अंग एकदा उडालं. दुसऱ्या झटक्यानंतर नर्सबाईंनी मानेवर बोटं ठेवली, बराच वेळ ठेवली, आणि म्हणाल्या, "लागतेय. नाडी लागतेय." गाडी आली, मास्तरांना घेऊन गेली, तरी लोक भिंतीला टेकून तसेच उभे.

मावशींनी खुर्च्या रचल्या. कप विसळले. कुलूप लावलं. घरी पोचल्या तेव्हा धाकटी जाऊ अंगणात कपडे काढत होती.

"वहिनी, झाडू कशाला घेऊन आलात?"

मावशींनी हाताकडे पाहिलं. सभागृहाचा झाडू दीड मैल त्यांच्यासोबत आला होता. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी मास्तरांना मोडलं गं." आणखी काही सांगता येईना. त्यांचे ओठ हलत होते. जावेने कान लावून ऐकलं, तर त्या आकडे मोजत होत्या.

पुढचे आठ दिवस त्यांनी किल्ल्या जावेकडे दिल्या. भाकरी थापायला परात ओढली की तळव्याखाली तो आवाज यायचा आणि पीठ तसंच राहायचं. नवव्या दिवशी जावेनेच त्यांना ओढून इस्पितळात नेलं.

मास्तर उशीला टेकून बसले होते, अगदी लहान दिसत होते. त्यांच्या बायकोने मावशींचा हात धरला. "तीन बरगड्या गेल्यात," ती म्हणाली, "शिंकले तरी कळवळतात."

मावशींचा चेहरा उतरला.

"त्यांच्या तोंडावर कशाला सांगतेस?" मास्तर म्हणाले. "बरगड्या गेल्या म्हणून मी राहिलो. डॉक्टरांनी स्वतः सांगितलं."

"मास्तर, मी हसले," मावशी म्हणाल्या. आठ दिवस जे घशात अडकलं होतं ते हेच. "तुम्ही पडलात आणि मी हसत उभी होते. बघत होते."

"किती वेळ?"

"काय माहीत. खूप वाटला."

मास्तरांनी चादर छातीपर्यंत ओढली. त्यांचा आवाज बदलला. "हसायला मीच शिकवलं तुम्हाला. वर्षानुवर्षं. त्या दिवशी पडलो तेव्हा मला ऐकू येत होतं थोडं. टाळी ऐकली मी. वाटलं, आता हे लोक कौतुक करत करतच मला घालवणार."

ते ऐकून बायको मटकन स्टुलावर बसली. हे तिलाही त्यांनी सांगितलं नव्हतं.

तीन महिन्यांनी वर्ग पुन्हा सुरू झाला. मास्तर खुर्चीत बसून शिकवू लागले आणि पडायचं त्यांनी कायमचं सोडलं. पाहुण्याला टेबलावर निजवून ते म्हणाले, "मावशी, या. तुम्ही दाखवा."

"मला कुठे येतं सांगायला," मावशी दारातूनच म्हणाल्या. पण आल्या. हात ठेवले, दाबले. रबर नुसतं फुसफुसलं.

"हा काही बोलत नाही," त्या म्हणाल्या. "खरं माणूस बोलतं. आतून मोडल्याचा आवाज येतो. मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून माझे हात उचलले गेले. तुमचे उचलू नका." एवढं बोलून त्या परत स्टुलावर जाऊन बसल्या. मास्तरांनी ते वहीत लिहून घेतलं.

आता वर्गाला गर्दी पूर्वीइतकी नसते, पण येतात ते लक्ष देऊन बसतात. फक्त शिंपीआजोबांना जेवणानंतर डुलकी लागते. त्यांची मान कलली रे कलली, की मावशी स्टुलावरून उठतात आणि त्यांचा खांदा गदागदा हलवतात. आजोबा दचकून जागे होतात, "अहो, जिवंत आहे मी," म्हणतात. मावशींचा चेहरा मात्र पांढराफटक झालेला असतो, म्हणून कुणी हसत नाही.