खडूवरची रेघ

सायकलमिस्त्रीचं तोंड फाटकं, पण हात सोन्याचा, असं सगळी गल्ली म्हणायची. तोंडाबद्दल वादच नाही. हाताबद्दल मात्र एका माणसाने तीस वर्षांत चांगला शब्द काढला नव्हता, आणि तो त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता.

झालं होतं असं. तरुणपणी धाकट्याला शर्यतीचं भारी वेड. वाकड्या हँडलची, बारीक चाकांची एक रेसर त्याने घेतली. स्वस्तातली, नुसती दिसायला ऐटबाज. "दादा, पुढून कुरकुर येते, बघ जरा," म्हणाला. मिस्त्रीने येताजाता नजर टाकली आणि "काही नाही, पळव" म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी उतारावर पुढचं चाक धरणारा चिमटा मोडला आणि धाकटा तोंडावर आपटला. जबडा वाकडा जुळला तो कायमचा. ठरलेलं लग्नही मोडलं, मुलीकडच्यांनी निरोप पाठवला तोही शेजाऱ्याच्या तोंडी. तेव्हापासून दोघे भाऊ एकाच घरात वर-खाली राहत होते आणि कामापुरतं बोलत होते.

त्यानंतर मिस्त्री असा काही कडक झाला की विचारू नका. जुनी फ्रेम आली की तो तिला रॉकेल फासायचा, थोडं थांबून कोरडी पुसायचा आणि वर खडूची भुकटी मारायचा. कुठे तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. रेघ दिसली की मालकादेखत फ्रेम करवतीने कापायची. रडा, भांडा, पाया पडा, तडकलेली फ्रेम त्याच्या दुकानातून अखंड परत गेली नाही. एक दूधवाला त्या दोन तुकड्यांसमोर हुंदके देऊन रडला होता. मिस्त्री त्याला म्हणाला, "पाय काढ, मला झाडायचंय."

आता आतली गोष्ट सांगतो. गेलं वर्षभर मिस्त्रीला नीट दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पंक्चर तो बोटांनी चाचपून काढायचा, नटबोल्ट सवयीने. बायकोला सांगायचा, धूळ गेली. ऑपरेशन करून घ्यायचं तर गल्लीला कळणार, आणि मग मिस्त्रीकडे कोण येणार? म्हणून मूग गिळून बसला होता.

आणि एका सकाळी धाकटा तीच रेसर खांद्यावर घेऊन दुकानात आला. ती माळ्यावर होती हेसुद्धा मिस्त्रीला ठाऊक नव्हतं. समोरच्या बाकावर गणिताचे मास्तर आपल्या पंक्चरची वाट बघत बसले होते.

"दादा, ही करायची."

मिस्त्रीने नेहमीचा पट्टा सोडला. "हिच्यात काय ठेवलंय? टायर गेले, चेन गेली, चिमटा नवा घालावा लागेल. हिच्या खर्चात नवी कोरी येईल."

खोटं नव्हतं ते. कोणत्याही शहाण्या माणसाने ती भंगारात दिली असती.

"नवी नको. हीच हवी. आणि तूच करायचीस."

तीस वर्षांत भावाने काही मागितलं नव्हतं. ही सायकल रस्त्याला लागली तर कदाचित आपण सुटलो. आणि साठीच्या माणसाला घेऊन ती पुन्हा मोडली तर? त्याला ती सायकल करायचीही होती आणि करायची भीतीही वाटत होती. शेवटी म्हणाला, "फ्रेम धड असेल तर करू. नाहीतर कापणार. भाऊ असलास तरी."

"चालेल," धाकटा म्हणाला.

रॉकेल झालं. जुन्या विरलेल्या टॉवेलने पुसून झालं. खडूही मारला. मिस्त्री नाक टेकवून सगळ्या नळ्या बघत आला आणि हँडलखालच्या जोडाशी थबकला. तिथे काहीतरी काळं होतं, बोटभर लांब. तडाच की डोळ्यांपुढचं धुकं, कळेना. खडूला बोट लावायचं नाही हा त्याचाच नियम होता.

हातभर अंतरावर धाकटा उभा होता, चष्म्याशिवाय पेपर वाचणारा. "बघ रे जरा," एवढं म्हटलं असतं की भागलं असतं. पण बाकावर मास्तर होते. आणि ज्याचा जबडा आपण वाकडा केला, त्याला आपण आंधळे झालो हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

"तडा आहे," मिस्त्री म्हणाला.

"नक्की?"

"चाळीस वर्षं मी काय माशा मारल्या इथे?"

मिस्त्रीने फ्रेम शिकंज्यात आवळली आणि करवत चालवली. कापताना त्याला बरंसुद्धा वाटलं, जबाबदारी टळल्याचं. दोन तुकडे झाले. धाकट्याने एक उचलला, जोडाशी नख लावलं आणि टॉवेलचा एक भिजलेला दोरा सोडवून भावाच्या तळहातावर ठेवला. मिस्त्रीने दोरा चाचपला. मग घाईघाईने जोडावरून बोट फिरवलं. लोखंड गुळगुळीत होतं.

"तुला दिसला होता?"

"पहिल्यापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं बघू, दादा एकदा तरी मला विचारतो का."

मिस्त्री म्हणाला, "मी तुला दुसरी आणून देतो. चांगली, हलकी."

"मला काय करायचीय? गुडघे वाकतात कुठे माझे. तुझ्या हातून माझी एक वस्तू नीट झालेली बघायची होती, बस." वाकड्या जबड्यातून हे शब्द सावकाश आले, पण एकूण एक कळले. मग तो मास्तरांकडे वळला. "मास्तर, ह्याला वर्षभर दिसत नाही. वहिनीलाही माहीत आहे. तुम्ही यापुढे आपलं ब्रेकबिकचं काम दुसरीकडे करून घ्या."

तो घरी निघून गेला. मिस्त्री खाली बसून मास्तरांच्या चाकाची ट्यूब शोधू लागला. मास्तर उठले, "राहू द्या, सवडीने येतो," म्हणाले आणि पंक्चर सायकल तशीच ढकलत घेऊन गेले.