यशोदामायची लस

यशोदामाय धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून बोलली, की तळ्यापलीकडच्या धानाच्या बांधीतली बाईसुद्धा मान वर करायची. आंबागड किल्ल्याच्या पायथ्याच्या आमच्या गावात ती भाताच्या रोवणीच्या बायांची म्होरकी. सत्तरी ओलांडल्यावर तिला वाकणं जमेना, तरी ती धुऱ्यावर हजर असे. कोणाचं अंग दुखतंय, कोण घरी भांडून आलंय, हे तिला चिखलात वाकलेल्या पाठीवरून कळायचं. "तोंड लबाडी करते बाई, पाठ नाई करत," म्हणायची. मी गावची आशा वर्कर झाले, त्या दिवशी तिने मला एवढंच सांगितलं, "मास्तरीन नोको बनू. आमाले शिकवनारे लय येऊन गेले."

कोरोनाची लस आली तेव्हा माझ्या यादीत आधी म्हातारी माणसं होती. त्यातल्या बहुतेक बाया मायच्या रोवणीतल्या. ज्या दारात जावं तिथे एकच उत्तर, "यशोदामाय घेते का?" आणि माय घेत नव्हती. तिच्याकडे गेलं की चहा मिळे, लसीचं नाव काढलं की ती विषय बदले. "माह्या हाडात आता काय उरलं हाये? तरण्या पोराईले द्या." गावात तोवर काय काय पसरलं होतं. सुई घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो, म्हणे. मला वाटलं, मायसुद्धा त्यालाच भ्यायली.

चौथ्यांदा गेले तेव्हा ती अंगणात मोहफुलं निवडत होती. मी शेजारी बसून निवडू लागले. मग तीच बोलली.

"तुह्या मोठ्याबाले ताप होता." म्हणजे तिचा नवरा. मी त्याला पाहिलेलं नाही. "तो सुई नोको म्हने. मी जबरदस्ती बैलाच्या रेंगीत बसवलं, बाजाराच्या गावाले नेलं. तिथं एक सुई देनारा बसे. वापस येता येता रस्त्यातच गेला."

"माय, तो तापानंबी गेला असन."

"असन. पन चाल म्हननारी मीच ना." तिचे हात थांबले. "आता मी घेतलो तं या साऱ्या घेतीन. कोनाले काही झालं, तं मी कोनाकोनाच्या घरी तोंड दाखवू?"

काही होणार नाही, असं मला शिकवल्याप्रमाणे म्हणता आलं असतं. पण ते तोंडातून निघेना. मी म्हटलं, "हात दुखन, ताप येईन. क्वचित कोनाले जास्तबी होते, म्हणून अर्धा घंटा तिथंच बसवतात. पन बिमारीनं मानसं मरून राहिले, ते तू पाहूनच राहिली. दुसऱ्या रोजी सकाळी मी घरोघरी येईन. आन् तू कोनाले चाल म्हनू नोको. तुही तू ठरव."

ती हो म्हणाली नाही. पण पुढच्या खेपेला शाळेत लस होती, तेव्हा धुतलेलं लुगडं नेसून ती एकटीच आली. सुई घेतली, व्हरांड्यात बसली. तासाभरात बातमी गावभर झाली आणि रोवणीच्या बाया येऊ लागल्या. माय प्रत्येकीला अडवून सांगे, "मले पाहून नोको घेऊ. ते पोरगी काय म्हनते ते आयक, मंग ठरव." दोघी ऐकून घरी परतल्या. मी हळहळले. माय म्हणाली, "जाऊ दे. इचारून गेल्या ना, मंग येतीन." त्यातली एक पुढच्या महिन्यात आली, दुसरी कधीच आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तापाच्या गोळ्या घेऊन आधी मायकडे गेले. दाराला कडी. शोधत निघाले, तर ती काल सुई घेतलेल्या सरजाबाईच्या ओट्यावर, काठी टेकून, तिच्या कपाळावर हात ठेवून उभी.

"ताप नाई हिले," ती मला म्हणाली. "फकस्त हात दुखते म्हने."

मी तिचा हात धरला. चटका बसावा इतका गरम होता.

"माय, तुलेच ताप हाये. चाल, नीज जराशी."

"निजतो ना. दोन घरं पाहाचे राह्यले."

त्यानंतर आणखी तीन रोवण्या माय धुऱ्यावर होती; ती जाऊन आता वर्ष होतंय. त्या सकाळी मी तिला एक गोळी दिली, सरजाबाईने पाणी आणलं. गोळी गिळून ती ओट्याखाली उतरली, आणि मी तिच्या मागे चालू लागले.