मरायला फुरसत नाही

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आमचे भावोजी, मरण्याचं काम करायचे. हे असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे आणि मग दाराकडे बघतो, म्हणून फोड करून सांगते. व्हिडिओ गेममध्ये जी माणसं पटापट मरतात, ती मरताना ओरडतात. ते ओरडणं कुठल्यातरी जिवंत माणसाच्या घशातून काढावं लागतं. आमच्या शहरात तो घसा भावोजींचा होता.

कोणी भेटलं आणि "काय चाललंय सध्या?" असं विचारलं, की ते गंभीर चेहरा करून म्हणायचे, "मरायला फुरसत नाही हो." हा विनोद ऐकून ताईचे कान किटले होते. पाहुणा तोंड उघडायच्या आत ती स्वयंपाकघरात निघून जायची.

मुळात ते रेडिओवरच्या नाटकांतले. आवाज असा की त्यांनी नुसता कांद्याचा भाव विचारला, तरी विकणारा हातातलं सोडून वर बघायचा. पुढे रेडिओने नाटकं बंद केली आणि तो आवाज घरी येऊन बसला. असा आवाज घरी बसला की फार वाईट. तो पेपर मोठ्याने वाचतो, शेजाऱ्यांना न मागता सल्ले देतो आणि मेहुणीशी वाद घालतो. मी वरच्याच मजल्यावर राहते आणि जन्मभर शाळेत शिकवलंय, त्यामुळे वादाला माझीही ना नसायची.

मग त्यांना ते गेमवाल्यांचं काम मिळालं. एका जुन्या गोदामाच्या माडीवर स्टुडिओ, भिंतींना काळा स्पंज, मध्ये काच. मालक इतका कोवळा की भावोजींनी त्याचं नाव 'चिरंजीव' ठेवलं. मला म्हणाले, "एक तर तो आपल्या मुलाच्या वयाचा आहे. आणि दुसरं म्हणजे, तिथे बाकी सगळे मरतात, तो एकटाच मरत नाही."

मरणाचे तिथे तीन प्रकार होते: छोटं, मधलं आणि लांब. छोटं म्हणजे गोळी. मधलं म्हणजे सुरी. लांब म्हणजे उंचावरून पडणं किंवा आग. भावोजी घरी न्हाणीघरात सराव करायचे, कारण तिथे आवाज घुमतो. नव्याने राहायला आलेले शेजारी एकदा दार तोडायला धावले, तेव्हापासून ताईने एक रीत पाडली. सराव असला की ती बाल्कनीच्या कठड्यावर लाल टॉवेल टाकायची. टॉवेल दिसला की सगळी इमारत समजायची, भावोजी मरताहेत, आपण आपलं काम करावं.

एकदा ते गरम पाण्याचा थर्मास घरी विसरले आणि तो पोचवायला मी गेले. काचेपलीकडे माझे भावोजी डोळे मिटून, मुठी आवळून मरत होते, आणि काचेच्या अलीकडे चिरंजीव बिस्कीट खात म्हणत होता, "काका, अजून एक द्या, जरा कमी दुःखी." मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. कमी दुःखी मरण. मुलांचे निबंध तपासताना मीही असंच म्हणायचे, जरा कमी शब्दांत. पण मी बिस्कीट तरी खात नव्हते.

चहाच्या वेळी भावोजींनी त्याला माझ्यादेखत विचारलं, "मला एक सांग, तुमच्या खेळात सारखं मारायचंच का? दुसरं काही सुचतच नाही का रे?"

पोरगा खोटारडा नव्हता, एवढं त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. तो म्हणाला, "सुचतं ना. पण काका, बघा, बटण दाबलं की लगेच काहीतरी व्हायला हवं. मारलं की समोरचा पडतो. झालं, कळलं. बोलायचं म्हटलं तर एका प्रश्नाला दहा उत्तरं लिहा, ती सगळी रेकॉर्ड करा, ओठ हलवा, चेहरा हलवा. आणि मग ते प्रत्येक भाषेत परत करा. मरण्याचं भाषांतर करावं लागत नाही."

"आम्ही लहानपणी काठ्यांच्या बंदुका करून खेळायचो," भावोजी म्हणाले. "पण आमच्यातला मेलेला भांडायचा. मला लागलीच नाही, तू रडीचा डाव खेळतोस, म्हणायचा. अर्धा खेळ त्या भांडणातच जायचा. तुमचे मेलेले भांडत नाहीत."

"भांडले तर खेळणारा दुसरा गेम घेईल," चिरंजीव म्हणाला, आणि हसला. भावोजी हसले नाहीत.

पण त्या बोलण्याचा परिणाम झाला असावा. पुढच्या गेममध्ये त्याने भावोजींना एक बोलणारा माणूस दिला. पुलावरचा म्हातारा पहारेकरी. त्याला मारून पूल ओलांडता येतो, आणि त्याच्याशी बोलूनही. बोललात, तर तो आपल्या दुरावलेल्या मुलीबद्दल सांगतो, कुठली फळी कुजली आहे ते दाखवतो आणि स्वतःच्या हाताने फाटक उघडतो. चांगलं पानभर बोलणं होतं. अट एकच, त्या गेममधल्या सगळ्या सैन्याची मरणंही भावोजींनीच द्यायची.

तेव्हाच त्यांचा घसा कुरकुरायला लागला होता. डॉक्टरांनी आत बघून स्पष्ट सांगितलं, "गाठी आल्यात. ओरडणं आजपासून बंद. नाहीतर ओरडणं जाईल आणि त्याच्या मागोमाग बोलणंही जाईल."

ताई घरी येऊन रडली. मी भावोजींवर चिडले. मी म्हटलं, "हे मेलं ओरडणं सोडा आता. आवाजच गेला तर काय करणार आहात?"

ते म्हणाले, "मेहुणीबाई, रेडिओ सुटल्यापासून मी एक सरळ वाक्य बोललेलो नाही. आई गं, नाही, वाचवा, एवढंच. मला तो पहारेकरी एकदा बोलू दे. मग मुका झालो तरी चालेल."

एवढंच त्यांना हवं होतं. कोणीतरी थांबून त्यांचं पानभर बोलणं ऐकून घ्यावं. त्यासाठी त्यांनी घसा पणाला लावला.

शहाणी माणसं आधी बोलणं रेकॉर्ड करतात आणि ओरडणं शेवटी ठेवतात, म्हणजे घसा वाचतो. इथे उलटं झालं. गिऱ्हाइकांना आधी लढाया दाखवायच्या होत्या, म्हणून मरणं आधी. कठड्यावरचा लाल टॉवेल उन्हाने फिका पडला. सैन्य मरून झालं तेव्हा भावोजींच्या आवाजात निम्मी हवा उरली होती. त्या उरलेल्या आवाजात त्यांनी पहारेकरी म्हटला. काचेपलीकडचं ते बोलणं ऐकताना मी डोळे पुसले, आणि मी सहसा पुसत नाही.

पहिलं वाक्य त्यांनी बदलून घेतलं होतं. चिरंजीवने लिहिलं होतं, "थांब! कोण आहेस तू?" भावोजी म्हणाले, "पुलावर एकटा बसलेला म्हातारा कशाला दरडावेल? त्याला बोलायला माणूस हवंय. आपल्यात माणूस दिसलं की काय विचारतात? तेच तो विचारेल." आणि वाक्य झालं, "जेवलास का?"

गेम बाजारात आणण्याआधी बाहेरच्या लोकांना खेळायला बोलावतात. त्या दिवशी भावोजी इस्त्रीचा सदरा घालून निघाले, ताईला आणि मलाही घेऊन गेले. आम्ही मागे खुर्च्यांवर बसलो. पहिली खेळायला आली एक मुलगी, अगदी सुस्वभावी. ताईसाठी तिने दार धरून ठेवलं होतं. ती पुलाशी आली. पडद्यावरचा म्हातारा वळला, त्याने तोंड उघडलं, "जे—" आणि तिने गोळी घातली. छोटं मरण. तेही भावोजींचंच.

मुलीने मागे वळून विचारलं, "सॉरी, तो काही बोलत होता का?"

दुसऱ्यानेही तेच केलं, तिसऱ्यानेही. "जे—" आणि धाड. खोलीत कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसायला लागले, कारण पुन्हा पुन्हा ऐकलं की ते विनोदीच वाटायचं. एक जण मात्र थांबला. त्याने "जेवलास का?" पुरतं ऐकलं. उत्तराचं बटण न दाबताच क्षणभर वाट बघितली, पुढे काही घडत नाही असं पाहून मग मारलं. बाकीच्यांनी निदान ऐकलं नव्हतं. याचा मला जास्त संताप आला.

भावोजी मांडीवर हात ठेवून सरळ बसले होते. ताईने त्यांच्या हातावर हात ठेवला. तो त्यांनी बाजूला केला नाही, पण धरलाही नाही.

चिरंजीवने नंतर बोलणं काढून टाकलं. पानभर बोलण्यातलं एक अक्षर ठेवलं, 'जे', आणि त्याला मरण जोडलं. काम फत्ते झालं. गेम खपला आणि त्यातला पहारेकरी सगळ्यांत गाजला. आमच्या गल्लीतली पोरं भावोजी दिसले की "जे—" म्हणून छातीवर हात ठेवून रस्त्यात आडवी व्हायची. त्यांना वाटायचं, काकांना आवडतं. भावोजी त्यांच्याकडे बघून मान हलवायचे आणि घरी आल्यावर दार लावून घ्यायचे.

आवाज हळूहळू गेला. आधी वरचा, मग खालचा, मग उरला नुसता वारा. ताईने टॉवेल धुऊन घडी घालून ठेवला. 'मरायला फुरसत नाही' हा विनोदही बंद झाला, आणि एकदा ताई मला म्हणाली, "तो विनोद परत ऐकायला मी काय वाट्टेल ते देईन गं."

मग एके दुपारी चिरंजीव घरी आला. फळं घेऊन आला होता. गेमचा दुसरा भाग निघणार होता आणि त्यात पहारेकरी पाहिजेच, असं लोकांचं म्हणणं होतं. "काका, तुम्हाला काहीच करायचं नाही," तो म्हणाला. "जुनं सगळं ओरडणं आमच्याकडे आहे. त्यातून मशीन नवीन तयार करतं. तुम्ही फक्त हो म्हणा, की झालं."

जिवंतपणी त्यांचा घसा घेतलाच होता. आता त्यांच्याशिवायही त्यांना मारता येणार होतं. माझ्या जिभेवर पुष्कळ आलं होतं, पण ताईने डोळ्यांनी गप्प बसवलं.

भावोजींनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ते त्या पोराच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो खरंच वाळला होता, डोळे आत गेले होते. घरी आलेल्या माणसाला जन्मभर विचारायचे, तेच ते विचारायला गेले. ओठ हलले, मानेच्या शिरा ताठ झाल्या आणि फाटका आवाज बाहेर आला, "जे—"

तिथेच तुटला.

चिरंजीव खोखो हसला. छातीवर हात ठेवून सोफ्यावर आडवा झाला, गल्लीतल्या पोरांसारखा.

ताई जन्मात कोणाला वर तोंड करून बोललेली नाही. ती म्हणाली, "ऊठ. ते खरंच विचारताहेत."

तो उठला. तोंड एवढंसं झालं होतं. "काय, काका?" त्याने विचारलं, आणि वाट बघत बसला. खरोखर थांबला, गुडघ्यांवर हात ठेवून. पहिल्यांदाच त्यांच्या वाक्यासाठी कोणी असं थांबलं होतं. भावोजींनी पुन्हा तोंड उघडलं. घसा वरखाली झाला. या वेळी 'जे'सुद्धा आला नाही.

मला ते बघवेना. मी शाळेतल्या आवाजात विचारलं, "जेवलास का?"

"नाही," तो म्हणाला. अगदी हळू.

ताईने ताट वाढलं. तो खाली मान घालून सगळं जेवला, आणि त्या 'हो'चा विषय त्याने पुन्हा काढला नाही. भावोजी समोर बसून त्याला जेवताना बघत होते. त्यांचंही ताट ताईने शेजारी वाढून ठेवलं होतं.

भावोजी त्या दिवशी जेवले नाहीत.