खालच्या ओळीचे रघुनाथराव

श्री. रघुनाथराव केळुसकर यांचा माझा परिचय ओमानमधल्या अल हैलच्या माझ्या घरातल्या बिघडलेल्या एसीमुळे झाला. शिडीवर उभे राहून ते काहीतरी गुणगुणत होते. मी आदराने विचारलं, "कोणता राग?"

"राग कसला, डिस्को आहे. यातली खालची ओळ माझी. चाल हुसेनकडे."

डिस्कोमुळे संस्कृतीचा ऱ्हास कसा होतो, यावर निबंध लिहून मी पाठशाळेत बक्षीस मिळवलं होतं. तरी शिडी धरून उभा राहिलो.

त्या काळात मुंबईत 'सिल्व्हर फोर' हा चौघा गायकांचा संच होता. एकजण मुख्य चाल म्हणे, बाकीचे तिघे त्याच वेळी तिच्या वरखाली आपापली ओळ. हॉटेलं, स्नेहसंमेलनं, स्वागतसमारंभ. अंगात चंदेरी जॅकेट, डोक्यावर फिरणारा आरशांचा गोळा. त्या वेशातलं आपलं छायाचित्र या षष्ट्यब्दी गौरवग्रंथात छापू नये, अशी रघुनाथरावांची विनंती होती. संपादक मंडळाने ती सादर फेटाळली आहे. संचाचा नियम एकच: दुसऱ्याची ओळ म्हणायची नाही. कोणी आजारी पडला, तर त्याची जागा रिकामी ठेवायची. पुढे एका कीबोर्डवर चौघांचं काम भागू लागलं आणि संच मोडला. रघुनाथराव आणि मुख्य गायक हुसेनभाई मुकादम ओमानला आले. एकाने एसीदुरुस्ती धरली, दुसऱ्याने रुस्ताकच्या बाजारात कापडाचं दुकान.

इथल्या गणेशोत्सवात मुलांचं समूहगान रघुनाथराव बसवतात. एकदा एक मुलगी कुरकुरली, "अंकल, माझी लाइन बोअरिंग आहे."

"म्हणून तर तुला दिली. दुसरं कोणी सांभाळणार नाही."

ती मुलगी पुढे एकही तालीम चुकली नाही.

गेल्या वर्षी हुसेनभाईंच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. आवाज खरखरीत झाला. "खलास," म्हणून त्यांनी गाणं सोडलं. षष्ट्यब्दीच्या सत्काराला एकट्यानेच गा, असं आम्ही रघुनाथरावांना सुचवलं, तर म्हणाले, "चाल माझी नाही." दर शुक्रवारी दुपारनंतर ते रुस्ताकला जात, दुकानात बसून आपली तेवढी ओळ म्हणत आणि हुसेनभाईंच्या जागा रिकाम्या सोडत. महिनोन् महिने हेच. एका शुक्रवारी मीही बरोबर गेलो.

"रघू, गिऱ्हाईक पळतंय रे."

"होतं कधी?"

रघुनाथराव पुन्हा सुरू झाले. हुसेनभाईंनी मीटरपट्टी खाली ठेवली. "घाई करतोस. तीस वर्षं इथेच घाई करतोस." आणि कुठे थांबायचं ते दाखवायला त्यांनी चाल म्हटली. पूर्वीपेक्षा पुष्कळ खालच्या पट्टीत, चरचरत, पण अखेरपर्यंत. रघुनाथरावांना तिच्याही खाली उतरता येईना. त्यांना खोकला आला.

"आता तुझी ओळ कुठे?"

"शोधतो."

"शोध. सापडेपर्यंत ये."

तेव्हापासून साठीचे रघुनाथराव रोज सकाळी कामावर जाताना गाडीत खर्जाचा रियाज करतात. अल खुवैरच्या सिग्नलला शेजारच्या गाड्या काचा वर घेतात. सत्कारापर्यंत तो स्वर लागेलच, असं नाही. तो लागेपर्यंत, आणि लागल्यावर मनसोक्त म्हणता येईल इतकं निरोगी आयुष्य रघुनाथरावांना लाभो. हुसेनभाईंनाही अगदी तेवढंच. एकाचंच वाढवून भागणार नाही.