मध्य नसलेलं अवकाश
टिंक्चरचा वास आला की बीडच्या कॉलेजातला तो तास आठवतो. अवकाश अनंत आहे, त्याला मध्यच नाही, असं म्हणणाऱ्या इटलीतल्या एका संन्याशाला कसं जिवंत जाळलं, हे सर सांगत होते. दारात उभं राहून ऐकणारी दोन दांडगी पोरं एकदम आत घुसली. "मध्य न्हाई, मग देव कुठं बसवला बे?" असं ओरडत एकानं हातातल्या कड्यानं सरांच्या तोंडावर हाणलं. ओठ फाटला, रक्त शर्टावर ओघळलं. त्यानं पुन्हा हात उचलला, तशी मी पाण्याची स्टीलची बाटली त्याच्या कपाळावर घातली. तो कोसळला, दुसऱ्यानं त्याला ओढत बाहेर नेलं. मी सरांच्या ओठाला टिंक्चर लावत असताना त्यांनी विचारलं, "त्या पोराला लई लागलं का गं?" मला सरांचाच राग आला. आज तोच विषय मी शिकवते, आणि तो राग अजून गेलेला नाही.