सेंटिमीटरमधला मुळा

कर्वेनगरातल्या आमच्या शाळेमागे जमिनीचा एक तुकडा आहे. चार मोटारी कशाबशा मावतील आणि पाचवीवरून भांडण होईल, एवढाच. पण मी त्याच्याविषयी बोलायला लागले की स्टाफरूममधल्या मैत्रिणी चहाचे कप घेऊन दुसरीकडे सरकतात, कारण दर खेपेला तो थोडा वाढतो. मागच्या वेळी म्हणे सव्वा एकर झाला होता.

मी गणिताची बाई. जन्म कसबा पेठेतला. आमच्याकडे माती बघायची तर कुंभाराच्या दारात, आणि तीही मडकं होऊन बसलेली. त्यामुळे मुख्याध्यापिकांनी परसबाग माझ्या गळ्यात घातली तेव्हा मी विचारलं, "मीच का?"

"तुमचा आवाज मोठा आहे," त्या म्हणाल्या. "कबुतरं बसणार नाहीत."

पाठोपाठ अट आली. संस्थेला त्या जागेवर ब्लॉक बसवून गाड्या लावायची सोय करायची होती. मुख्याध्यापिकांनी जेमतेम एक मोसम मागून घेतला होता. "डिसेंबरअखेर संमेलन आहे. त्याआधी एकदा या जमिनीतल्या भाजीवर अख्ख्या शाळेला जेवायला घाला. सव्वादोनशे पानं. जमलं तर बाग, नाहीतर ब्लॉक."

मी "त्यात काय!" म्हणून बसले. त्याहून वाईट म्हणजे तासाला जाऊन सहावीच्या वर्गाला सांगून बसले. पोरांनी माझ्यावर विश्वास ठेवला. गणितात कधी ठेवला नव्हता.

खणायला लागलो तर माती लागेचना. वर सगळा राडारोडा. विटा, फरशा, एक बूट, एक नळ (त्याला पाणी नव्हतं, आम्ही सोडून पाहिला), आणि एक रबरी चेंडू, ज्यावर तीन वर्गांनी एकाच वेळी हक्क सांगितला. आणखी हातभर खाली गेलो असतो तर पेशव्यांचा कोणीतरी कारकून "हळू!" म्हणून ओरडला असता. शेवटी माती लागली. पहिलं गांडूळ निघालं तेव्हा सहावीचा वर्ग असा किंचाळला की मुख्य रस्त्यावरची बस थांबली. बसथांबा तिथेच आहे, हा भाग वेगळा.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुळा पेरला. लवकर येतो, असं पाकिटावर लिहिलं होतं, आणि छापलेल्या मजकुरावर माझी श्रद्धा आहे. प्रत्येकाचे तीन मुळे, शेजारी आइस्क्रीमच्या काडीवर हजेरी क्रमांक. चौथ्या दिवशी कोंब वर आले. बावन्न पोरं ओणवी होऊन जमिनीशी नाक लावून बसली. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी एक उठेना. आमच्या शाळेत असं पूर्वी फक्त गारा पडल्या तेव्हा झालं होतं.

आता माझं कर्तृत्व. मी गणिताची, तेव्हा तक्ता आलाच. सुरेख आखलेला, झेरॉक्स काढलेला. आठवडा, पानांची संख्या, रोपाची उंची आणि शेवटचा रकाना, मुळ्याची लांबी सेंटिमीटरमध्ये. खाली ठळक अक्षरांत सूचना: अंदाजे लिहू नये.

पाच आठवडे तक्ते येत राहिले. एकही रकाना रिकामा नाही. सहावीकडून इतकं चोख काम मी जन्मात पाहिलं नव्हतं. तक्ते स्टाफरूमच्या फळ्यावर लावून मी इतकी मिरवले की विज्ञानाच्या बाईंनी माझ्याशी बोलणं सोडलं.

नोव्हेंबरमधल्या एका सोमवारी मी सहज मधल्या सुट्टीत मागे गेले. बावन्न पोरं पट्ट्या घेऊन बसली होती. प्रत्येकाने आपापला मुळा उपटला, पुसला, पट्टीवर आडवा ठेवून मापला, आकडा लिहिला आणि पुन्हा खड्ड्यात घालून वर माती थापटली. दोघीतिघी जाताना मुळ्याला "सॉरी हं" म्हणाल्या.

माझ्या तोंडून आवाजच फुटेना. कबुतरं येऊन बसली.

"हे काय चाललंय?" शेवटी मी विचारलं.

वर्गाची मॉनिटर पुढे आली. आईवडील यवतमाळकडचे, मुलगी अस्सल पुणेरी झालेली. "बाई, लांबी मापतोय."

"उपटून?"

"न उपटता जमिनीच्या आतलं कसं मापायचं, बाई? सूत्र आहे का काही?"

"अगं, अंदाजे लिहायचं!"

तिने शांतपणे तक्ता उलटा करून माझ्यासमोर धरला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

मुळे कसले, सुतळीच्या गाठी झाल्या होत्या. काहींना दोन पाय फुटले होते, एकाला चार. सगळे लाकडासारखे टणक. मी जाहीर केलं, की आजपासून कोणीही कशालाही हात लावायचा नाही. पोरांनी ऐकलं. पण उशीर झाला होता. डिसेंबर लागला तसे मुळे कमरेएवढे उंच वाढले आणि त्यांना पांढरी-जांभळी फुलं आली. मुख्याध्यापिका येऊन पाहून गेल्या.

"मी भाजी मागितली होती, बाई. पुष्पप्रदर्शन नव्हे."

दुसऱ्याच दिवशी फाटकाशी ब्लॉकची गाडी रिकामी झाली. पोरं त्या ढिगाला वळसा घालून वर्गात आली आणि गप्प बसली. बावन्न पोरं गप्प! मी त्या दिवशी अपूर्णांक शिकवले आणि कोणी खोडीसुद्धा काढली नाही. मला रडूच आलं. वर्गात नाही, मागे वाफ्यापाशी जाऊन.

तिथे आमच्या स्वयंपाकाच्या मावशी तांदळाचं धुवण ओतत होत्या. मावशी लोणी काळभोरच्या, घरी अजून शेती.

"आवं बाई, काय झालं?"

मी सगळं सांगितलं. उपटणं, मापणं, पुरणं. मावशी तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की घमेलं कलंडलं.

"आमच्याकडं बियाण्याचा मुळा असाच धरत्यात. उपटायचा, बगायचा, परत लावायचा. फकस्त एकदाच. तुमच्या पोरांनी पाच डाव केलंय, तरी जगला म्हंजी मुळाबी खमक्या हाय. आन् ह्ये बगा," त्यांनी एक फांदी वाकवली. फुलांखाली हिरव्या, टोकदार शेंगा लगडल्या होत्या. "डिंगऱ्या! आठ-धा दिसात भाजी हुती."

डिंगरीची भाजी मी जन्मभर खात आले आहे. ती मुळ्याची शेंग असते हे मला त्या क्षणी कळलं. मी "हो, ते माहितीये" म्हणाले.

संमेलनाच्या दोन दिवस आधी तोडणी केली. शेंग बोटाने वाकवून बघायची, कट्‌कन मोडली तर कोवळी, नाही मोडली तर झाडावरच ठेव, हे मावशींनी एकदा दाखवलं. पोरांनी पाच मिनिटांत मला शिकवलं. पाट्या भरल्या, पातेली भरली, मग माझ्या स्कूटरची डिकी भरली. किती निघाल्या ते विचारू नका, कारण मी खरं सांगणार नाही. सव्वादोनशे पानांना पुरल्या, एवढं लिहून ठेवा. मूगडाळ घालून, लसणाची फोडणी. त्या फोडणीच्या वासाने शेजारच्या सोसायटीची समिती खिडकीत आली. ही समिती एरवी सर्वसाधारण सभेलाही येत नाही.

पाचवीतल्या एकाने नाक मुरडलं. "ई, हे काय?"

"आमचं आहे," सहावीचा अख्खा बाक एका आवाजात म्हणाला. पाचवीतल्याने खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं, कारण डिंगरी तिखट असते. मग त्याने पुन्हा मागितलं.

मुख्याध्यापिका पंगतीच्या टोकाला ताट घेऊन बसल्या होत्या. एकदा वाढून घेतलं. दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा मावशींनी न विचारता वाढलं. मी वाढपाचा चमचा हातात धरून उभी. जेवण झालं, त्या सावकाश पाणी प्यायल्या, त्यांनी चष्मा पुसला.

"बाई."

"हो, मॅडम."

"पुढच्या मोसमात भेंडी लावा. याने मला ढेकर येतात."

माझ्या डोक्यात आधी भेंडीच शिरली. अंतर किती ठेवायचं, बियाणं कुठून आणायचं. मॉनिटरने माझा पदर ओढला. "बाई! पुढच्या मोसमात म्हणाल्या!"

आणि मग जो ओरडा झाला तो लोणी काळभोरला ऐकू गेला. मावशींच्या घरच्यांनी फोन करून विचारलं, काय झालं म्हणून.

"आवाज कमी," मुख्याध्यापिका ताट उचलत म्हणाल्या. "आणि बाई, त्या ब्लॉकवाल्याला फोन लावा. उद्या गाडी घेऊन ये म्हणावं. उचलायला."